संग्रहालयातली माती आणि काच : गावाकडून येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आपल्याकडे त्या नावानं कुणी ओळखत नाही. 1863 पासूनचा तो ‘अजब बंगला’. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी शिकवतो आणि सहलीच्या निमित्तानं पोरांना घेऊन अशा दालनांतून फिरतो. दगडी मूर्तीपुढे मंडळी हात जोडतात, वाघापुढे फोटो काढतात. मातीच्या बाहुल्या आणि काचेच्या मण्यांपुढे आली की मात्र प्रश्न विचारतात, आणि शाळा बदलली तरी प्रश्न बदलत नाहीत. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही पोरांचे आहेत, काही सोबत आलेल्या पालकांचे, आणि बरेचसे गावी परतल्यावर पारावर विचारलेले.

हे फुटके खापर काचेच्या पेटीत काहून ठेवलेत? असे तं आमच्या धुऱ्यावर बी पडले हायेत.

धुऱ्यावर पडलेत म्हणूनच ठेवलेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरातलं काय उरतं याचा हिशेब करून पाहा. लाकूड, कापड, कातडं आपल्या जमिनीत कुजून जातं. लोखंड गंजतं. तांबं आणि सोनं कुणीतरी वितळवून पुन्हा वापरतं. कोरलेला दगड पुढच्या पिढीच्या विहिरीच्या बांधकामात जातो. फुटलेल्या भाजक्या मातीला मात्र बाजारात किंमत नाही, म्हणून ती कुणी उचलत नाही. ती कुजत नाही आणि पाण्यानं विरघळतही नाही. साधारण सहाशे अंशांपुढे भाजलं की मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, आणि मग कितीही पाऊस पडो, तिचा पुन्हा चिखल होत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दगडी शिल्प राजा किंवा व्यापारी घडवून घेतो, त्यात त्याला दाखवायचं तेच दिसतं. मातीची बाहुली कुंभारानं शेजारच्या घरासाठी केलेली असते. बैल, गाडीचं चाक, बाईच्या अंबाड्याची तऱ्हा, कानातली मोठी चकती हे सगळं तिथे सापडतं. वाकाटकांच्या घराण्याबद्दल ताम्रपट बोलतात. त्यांच्या काळी पोरं कशाशी खेळत, हे खेळण्यालाच विचारावं लागतं.

आपल्या विदर्भात असं सापडलं तरी कुठे?

पुष्कळ ठिकाणी, आणि बहुतेक आजही साधी गावंच आहेत. वर्धेजवळचं धाम नदीवरचं पवनार, अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर (रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण ओळखतो ते), भंडारा जिल्ह्यातलं पवनी, नागपूर जिल्ह्यातलं कुही तालुक्यातलं आदम, रामटेकजवळचं मनसर. पवनार 1967 साली नागपूर विद्यापीठानं खणलं. कौंडिण्यपूरचं उत्खनन मोरेश्वर दीक्षितांनी केलं, आणि हा माणूस भारतीय काचेचाच मोठा अभ्यासक होता. काचेचा मणी म्हणजे काय चीज आहे हे कळणारी नजर तिथे होती, हे आपलं नशीब.

त्याहून जुनी म्हणजे शिळावर्तुळांची संस्कृती. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथे मोठमोठे दगड गोलाकार रचून त्यांच्या आत माणसं पुरली. सोबत मातीची भांडी, लोखंडी अवजारं आणि घोड्याचा साज ठेवला. माहुरझरी तर मणी घडवण्याचं केंद्रच होतं. अकीक आणि कार्नेलियन या रंगीत दगडांचे मणी तिथे घडत. काटोल रोडनं जाताना ते गाव लागतं, पण बसमधला एकही प्रवासी मान वळवून पाहत नाही.

आत काळं आणि बाहेर लाल असं भांडं कसं काय होते?

हवेच्या खेळानं. मातीत लोह असतं. भाजताना भरपूर हवा मिळाली तर ते तांबडं होतं, हवा कोंडली आणि धूर धरला तर काळं. भांडं पालथं घालून भाजलं की आतली बाजू कोंडते आणि बाहेरची मोकळी राहते. शिळावर्तुळांत सापडणारी काळी-तांबडी भांडी अशीच पालथी भाजली असावीत, असा सर्वसाधारण समज आहे. गावातल्या जुन्या कुंभाराला विचाराल तर तो आव्याचं तोंड कधी बुजवायचं ते न अडखळता सांगेल.

मूर्ती कच्च्या मातीची आहे की भाजलेली, हे पाहून कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. भाजलेल्या तुकड्याला नखानं हलकं टिचकावलं तर खणखणीत आवाज येतो, कच्च्याचा बद्द येतो. संग्रहालयात हे करून पाहू नका! तिथे रंग आणि कडा बघा. फुटलेल्या कडेवर बाहेर तांबडा थर आणि मध्ये करडा किंवा काळा गाभा दिसला तर वस्तू भाजलेली आहे, फक्त आच आतपर्यंत पुरती पोचली नव्हती.

आपल्याकडे कच्ची मूर्ती मुद्दाम कच्ची ठेवतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बसणारी भुलाबाई, पोळ्याचे मातीचे बैल, गणपती या सगळ्यांना पाण्यात जायचं असतं. नागपूरच्या चितार ओळीतली मूर्ती कितीही देखणी असली तरी ती पुढच्या वर्षी तिथे नसते. म्हणून संग्रहालयात कच्ची मूर्ती क्वचित दिसते, आणि दिसली तर ती फार जपून ठेवलेली असते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत ठेवलेली एक बिनडोक्याची बाई सापडली, सोबत बैल. भाजलेली नसूनही ती टिकली, कारण ती डबीत होती आणि कुणी हलवली नाही.

मोठ्या मूर्ती आतून पोकळ असतात. माती वाचवायला का?

माती वाचते, पण खरं कारण वाफ. जाड गोळ्याच्या पोटात ओल राहिली आणि आव्यात ती तापली, तर तिची वाफ होते आणि मूर्ती फुटते. भाजताना 573 अंशांना मातीतल्या गारेचे (गारगोटीचे) कण एकदम फुगतात, निवताना त्याच अंशाला आकसतात. भिंत एकसारख्या जाडीची असेल तर मूर्ती ते सोसते. एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर तिथेच तडा जातो.

आता जरा जवळून पाहू. सातवाहन काळातल्या बऱ्याच बाहुल्या दोन साच्यांत केलेल्या आहेत. करंजीच्या साच्यासारखं पुढचा भाग एका साच्यात आणि मागचा दुसऱ्यात दाबायचा, मग दोन्ही जोडायचे. मराठवाड्यात तेरला अशा बाहुल्या पांढऱ्या केओलिन मातीच्याही सापडल्या. अशी बाहुली बाजूनं पाहिली तर कानामागून खांद्यावर उतरणारी जोडाची बारीक रेघ दिसते. ती सुरीनं तासलेली असते, पण काखेत सुरी पोचत नाही, तिथे उंचवटा राहून जातो. तुटलेल्या बाहुलीचं पोट पाहायला मिळालं तर आणखी मजा. आत माती बोटानं दाबून बसवलेली असते आणि अंगठ्याच्या खळग्यांची रांग तशीच राहिलेली असते, कधी कधी त्वचेच्या रेषांसकट. पुढून देवी, आतून कारागिराचा हात. पेटीत वस्तू पुढून मांडतात, म्हणून हे पाहुण्याला दिसत नाही. वस्तूमागे एखादा आरसा लावला तर काय बिघडेल, हा माझा जुना हट्ट आहे.

वस्तू किती जुनी आहे हे सांगतात, ते अंदाजपंचे?

नाही. ती कोणत्या थरात आणि कोणत्या नाण्याबरोबर सापडली, हे पहिलं पाहतात. थर माहीत नसेल तर भाजक्या मातीसाठी तप्तदीप्ती पद्धत आहे. मातीचे कण जमिनीतला किरणोत्सार वर्षानुवर्षं साठवत राहतात, भट्टीत तो साठा शून्य होतो आणि तिथून पुन्हा मोजणी सुरू होते. प्रयोगशाळेत चिमूटभर भुगा तापवला की त्यातून निघणाऱ्या मंद प्रकाशावरून शेवटची भाजणी कधी झाली ते निघतं.

काचेचं शिल्प म्हणजे फुंकून केलेलं का?

फुंकून करतात, ओतून करतात आणि वितळवून जोडूनही करतात. फुंकलेल्या काचेच्या तळाशी दांडी तोडल्याचा खरखरीत व्रण पाहायला मिळतो. ओतीव कामात मेणाची मूर्ती करून तिच्याभोवती साचा घालतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत काच भरतात. आपल्याकडचे ढोकऱ्याचे कारागीर पितळेचं काम करतात त्याच वळणाचं हे. चेक देशातल्या स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिखतोवा या जोडप्यानं अशा ओतीव काचेची माणसाएवढी शिल्पं केली.

अवघड भाग असतो तो ओतल्यानंतरचा. काच बाहेरून आधी थंड झाली आणि आतून गरम राहिली, तर ती स्वतःच्याच ताणानं तडकते, आजच नाही तर आठ दिवसांनी. म्हणून साधारण पाचशे अंशांच्या आसपास तिला थांबवून मग हळूहळू निववतात. काच जितकी जाड तितकी सबुरी जास्त. अमेरिकेत 1934 साली दुर्बिणीसाठी 200 इंच व्यासाची काचेची तबकडी ओतली, ती निववायला सुमारे दहा महिने लागले.

नाजूकपणाची हद्द पाहायची तर लिओपोल्ड आणि रुडोल्फ ब्लाश्का या बापलेकांची काचेची फुलं पाहावीत. हार्वर्ड विद्यापीठासाठी त्यांनी ती 1887 ते 1936 या काळात केली. विद्यार्थ्यांना वनस्पतिशास्त्र शिकवायला केलेली ही फुलं आज बघायला रांग लागते. आमच्या शाळेतल्या तक्त्यावर कपाशीचं फूल आहे ते छापील. बोंडअळीसकट काचेचं असतं तर पोरं तास सुटल्यावरही वर्गातच बसली असती.

आपल्या कन्हानच्या रेतीची काच होत नाही का?

होईल, पण हिरवट आणि डागाळ होईल. नदीच्या रेतीत लोह आणि इतर खनिजं मिसळलेली असतात. जुन्या बाटल्यांचा हिरवा रंग त्या लोहाचाच. स्वच्छ काचेला जवळपास शुद्ध गारेची वाळू लागते, महाराष्ट्रात ती सिंधुदुर्गाकडे मिळते. नुसती वाळू वितळायला सतराशे अंशांच्या घरात आच लागते, म्हणून तिच्यात सोडा घालतात. सोड्यानं काच पाण्यात विरघळेल अशी होते, म्हणून वर चुना घालतात.

महाराष्ट्रात या धंद्याला स्वदेशीचा इतिहास आहे. लोकांकडून पैसा-पैसा जमवून 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर आपल्याकडच्या जुन्या घरांत अजून माळ्यावर सापडतो. चिमणी फुटलेली असते ही गोष्ट वेगळी.

जुनी काच खाली ओघळते, म्हणून खिडकीची तावदानं तळाशी जाड होतात. खरं का?

खोटं. घरातल्या तापमानाला काच हजारो वर्षांतही डोळ्याला दिसेल इतकी वाहत नाही. जुनी तावदानं बनतानाच कमी-जास्त जाडीची व्हायची.

काचेला रोग लागतो म्हणतात?

हे मात्र खरं. चुना कमी आणि सोडा जास्त पडलेली काच हवेतली ओल ओढून घेते. आधी बुळबुळीत होते, मग थेंब सुटतात, मग आतून जाळीसारख्या बारीक भेगा पडून ती धुरकट होते. पावसाळ्यात हे वाढतं. मालगुजारांच्या वाड्यांत हंड्या आणि झुंबरं अजून टांगलेली आहेत. त्यातली एखादी दर पावसाळ्यात चिकट होत असेल तर ती धूळ नव्हे. तशी काच कोरड्या, एकसारख्या हवेत ठेवायला हवी. मोजमापात सांगायचं तर सापेक्ष आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास.

वावरात नांगरताना मातीची बाहुली सापडली. पोलीस मांगं लागतीन काय?

सांगितलं तर नाही. लपवून विकायला गेलात तर लागू शकतात. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. व्यवहारात तलाठी किंवा तहसीलदारापासून सुरुवात करा. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ आणि नागपूर विद्यापीठाचा प्राचीन इतिहास व पुरातत्त्व विभाग हेही आहेत.

कळवेपर्यंत काय करायचं? वस्तू उचलण्याआधी फोटो काढा, शेजारी शाळेची पट्टी ठेवून. गट नंबर, धुऱ्यापासूनचं अंतर आणि किती हात खोल सापडली हे कागदावर लिहा. आजूबाजूला आणखी खणू नका. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, मणी आणि खापरं त्या भेगांतून खाली सरकतात, म्हणून खोलीचा अर्थ लावताना तज्ज्ञही सावध असतात. खोलीच लिहिली नसेल तर त्यांच्या हाती काहीच उरत नाही.

चीनमध्ये 1974 साली शेतकरी विहीर खोदत होते, तिथे मातीच्या सैनिकांची अख्खी फौज निघाली. त्या सैनिकांवर रंग होता. जमिनीतून बाहेर काढल्यावर कोरड्या हवेत त्याखालचा लाखेचा थर काही मिनिटांत सुरळी होऊन गळायला लागला. ओल्या जमिनीतून आलेली वस्तू उन्हात ठेवायची नाही, ते यासाठी. ओल्या मातीसकट पिशवीत ठेवा आणि सावलीत राहू द्या.

आणि पांढरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती आपण धाब्याला, भिंतीला, शेताला ट्रॉलीनं नेत आलो. त्या मातीतच बाहुल्या असतात. जेसीबी आल्यापासून शंभर वर्षांचं काम दुपारभरात होतं.

बाहुली विकली तर चालते काय?

शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्यानं पुरावशेष ठरते. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. घरात पिढीजात दगडी, धातूची किंवा भाजक्या मातीची जुनी मूर्ती असेल तर तिची नोंदणी करून घ्या. नोंदणीनं मूर्ती तुमच्याकडून जात नाही, ही भीती उगाच आहे.

फुटली तर फेविक्विकनं जोडली. चुकलं काय?

आता झालं ते झालं, पुढच्या वेळी तुकडे वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून डब्यात ठेवा. झटपट गोंद मातीच्या छिद्रांत शिरतो, जोड जरा वाकडा बसला की सुटत नाही, आणि पुढे पिवळा पडतो. जोड उद्या सोडवता आला पाहिजे हा संग्रहालयातला पहिला नियम. म्हणून भाजक्या मातीला तिथे पॅरालॉइड बी-72 नावाचं राळ वापरतात, ते अॅसिटोननं विरघळतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं आहे. रोमन काळातला पोर्टलंड कलश, निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचं कोरीव शिल्प. 1845 साली एका दारुड्यानं तो फोडला, ऐंशीच्या वर तुकडे झाले. त्याच वर्षी जोडला, पण 37 बारीक तुकडे बसलेच नाहीत. 1948 मध्ये पुन्हा सोडवून जोडला. तो गोंदही पिवळा पडल्यावर 1980 च्या दशकाच्या शेवटी तिसऱ्यांदा जोडला आणि राहिलेले जवळजवळ सगळे तुकडे तेव्हा जागेवर बसले. पहिल्या कारागिरानं ते 37 तुकडे फेकले असते तर?

धुण्याचं म्हणाल तर मऊ कोरड्या ब्रशच्या पुढे जाऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी हे पितळेसाठी.

गावच्या शाळेत एक कपाट भरून संग्रहालय करायचं आहे. काय सांभाळू?

आधी कळवणं आणि नोंद, मग कपाट. कपाटाला पुढे अर्ध्या बोटाची पट्टी ठोका. वस्तू फोमवर आडव्या ठेवा. क्रमांक थेट मातीवर पेनानं लिहू नका, तळाशी राळेचा पातळ थर देऊन त्यावर लिहा. उचलताना कान किंवा कड धरायची नाही, एक हात तळाखाली. सुती हातमोजे काचेवरून निसटतात, रबरी चालतील किंवा धुतलेले कोरडे हात.

आणि कूलर. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की पाहुण्यांसाठी दालनात कूलर आणून लावतात. दिवसभर दमट, रात्री बंद, पुन्हा कोरडं. जमिनीत राहिलेल्या भाजक्या मातीत क्षार मुरलेले असतात. दमट हवेत ते विरघळतात, कोरड्यात पुन्हा स्फटिक होऊन फुगतात आणि वरचा पापुद्रा ढकलून देतात. भिंतीला लोणा लागतो तेच इथे घडतं, फरक इतका की भिंत पुन्हा लिंपता येते. बाहुलीचं नाक गेलं की गेलं. कूलर व्हरांड्यात लावा, पाहुण्यांना तिथे बसवा, पाणी तिथेच पाजा.

आजचे आपले कुंभार असं काही करतात का? पोराले शिकवायचं हाय.

करतात. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1955 साली ग्रामोदय संघ उभा केला. गांधीविचारातून सुरू झालेलं हे काम कुंभारांना चांगल्या भट्ट्या आणि झिलईपर्यंत घेऊन गेलं. पुढे शहरांतले शिल्पकारही तिथे भाजायला येऊ लागले. वर्धेचं मगन संग्रहालय, ज्याचं उद्घाटन 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींनी केलं, तेही ग्रामोद्योगासाठीच आहे.

पोराला पाठवण्याआधी एक करा. गावातल्या कुंभाराकडे त्याला पंधरा दिवस नुसती माती मळायला बसवा, लीद आणि राख कालवायला. कंटाळला नाही तर भद्रावतीचा रस्ता वरोऱ्यावरून आहे, आणि जाताना मळलेल्या मातीचा एक गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत द्या. तिथे पहिली गोष्ट विचारतील ती हीच, की माती कुठली.